गुडघ्याला बाशिंग नको, बळ हवे

गुडघेदुखी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आजी उभी राहते. स्थानकाच्या पायऱ्या चढताना कठडा धरणारी, जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकणारी, हिवाळ्यात गुडघ्यांना तेल चोळत उन्हात बसणारी. हे दुखणे उतारवयाचे, अशी आपली पक्की समजूत असते. त्यामुळे विशी-बाविशीच्या मुलाने किंवा मुलीने "गुडघा दुखतो" असे सांगितले की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम हसतात, नंतर रागावतात, आणि विवाहाचे वय जवळ आले की ती गोष्ट चारचौघांपासून लपवू लागतात.

या तिन्ही अवस्थांतून मी स्वतः गेलो आहे. छत्तीस वर्षे बँकेत राहून दुसऱ्यांच्या ताळेबंदातील दडवलेली देणी शोधणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घरातील एक देणे मात्र आठ वर्षे दडवून ठेवले. त्याची ही हकिकत मी कन्येच्या संमतीने लिहीत आहे. आपल्या व्यापारी कुटुंबांत आज अनेक तरुण मुले-मुली असे गुडघे घेऊन वावरत आहेत आणि त्याविषयी फारसे बोलत नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

सरकलेली वाटी

२००४ सालची गोष्ट. आमची कन्या तेव्हा पंधरा वर्षांची होती. शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना पळता पळता तिने झपकन दिशा बदलली, पाय जमिनीवर रोवलेला राहिला, शरीर वळले आणि डाव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकली. पाय सरळ करताच ती आपोआप जागेवर आली. पण गुडघा तासाभरात सुजून नारळाएवढा झाला. माझी नेमणूक तेव्हा परगावच्या शाखेत होती. शनिवारी घरी आलो, तेव्हा तिच्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होते.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. "आता जपून राहा" एवढाच सल्ला त्या रुग्णालयातून मिळाला. पुढे कोणते व्यायाम करावेत, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. बारीक झालेली मांडी पाहून तिची आई रडली आणि आम्ही सर्वांनी "जपणे" सुरू केले. खो-खो बंद झाला. सायकल बंद झाली. नवरात्रातील गरबा बंद झाला. शाळेची गडावरची सहल आली, तेव्हा मी स्वतः नाहरकतपत्रावर सही करण्यास नकार दिला. पाण्याची बादली उचलायला धाकटा भाऊ धावायचा. आपण मुलीवर केवढी माया करतो, असे आम्हांस वाटत होते.

वाटी पुन्हा पूर्णपणे निखळली नाही, पण गुडघा बरा झाला असेही नाही. जिना उतरताना कळ यायची. चित्रपटगृहात दोन तास बसले की उठताना पाय अवघडायचा. मधूनच वाटी सरकल्यासारखी वाटे आणि ती जागच्या जागी गोठून उभी राही. वर्षातून दोन-तीनदा गुडघा सुजे. मग चार दिवस विश्रांती, तेल, पट्टी, वेदनाशामक गोळी आणि पुन्हा "जपून". वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती माझ्या थोरल्या बंधूंच्या कापडदुकानात हिशेब पाहू लागली, तेव्हा वयाच्या बाविसाव्या वर्षी ती माझ्या आईपेक्षाही सावकाश जिना उतरत होती.

अर्ज नामंजूर

२०१२ साली एका चांगल्या व्यापारी घराण्यातून स्थळ आले. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी मुलीला समजावले, "जिन्याचं काही बोलू नकोस. खाली मांडी घालून बसायची वेळ आली, तर मी काहीतरी निमित्त काढून तुला उठवीन." मी शेजारच्या खोलीतून हे ऐकत होतो आणि मनातून मला ते योग्यच वाटत होते.

रात्री मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "पप्पा, तुमच्याकडे कर्ज मागायला आलेल्या माणसानं जुनं कर्ज लपवलं, तर तुम्ही काय करता?"

मी सवयीने उत्तर दिले, "अर्ज नामंजूर."

"मग माझा अर्ज तुम्ही असा का भरताय?"

मजपाशी उत्तर नव्हते. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग बांधल्याचे आपण थट्टेने म्हणतो. येथे मुलीला कोणतीच घाई नव्हती. उतावळे आम्ही आई-वडील होतो, आणि बाशिंगाखाली दुखरा गुडघा झाकू पाहत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गृहस्थांना दूरध्वनी करून खरे ते सांगितले: मुलीच्या गुडघ्यावर उपचार घ्यायचे आहेत, सहा महिने थांबता आले तर पाहावे. त्यांना थांबता आले नाही. त्यांचा मला राग नाही. त्याच महिन्यात आम्ही पुण्यातील एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. आठ वर्षांत हा पहिला खरा उपचार होता.

दुखणे कुठले, दुबळेपण कुठले

डॉक्टरांनी गुडघा तपासला, एमआरआय काढला आणि अर्धा तास खर्च करून आम्हांस जे समजावले, ते प्रत्येक पालकास ठाऊक असावे असे मला वाटते.

गुडघ्याची वाटी हे मांडीच्या पुढील बलदंड स्नायूंच्या, म्हणजे क्वाड्रिसेप्सच्या, कंडरेत बसलेले हाड आहे. मांडीच्या हाडाच्या टोकाला जी खाच असते, त्या खाचेतून ही वाटी वरखाली सरकते. विहिरीवरच्या रहाटावरून दोर सरकावा तशी. ती बाहेर जाऊ नये म्हणून आतल्या बाजूने एक अस्थिबंध तिला धरून ठेवतो. वाटी निखळते तेव्हा हा अस्थिबंध बहुधा फाटतो. पुढे तो ढिला राहिला आणि मांडीचा स्नायूही दुबळा राहिला, तर वाटीला आवर घालणारे कोणी उरत नाही.

या वाटीमागच्या सांध्यावर भार किती पडतो, याचे मोजमाप १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळते. सपाट जमिनीवर चालताना तो देहभाराच्या साधारण निम्मा असतो. जिन्यावर तो सुमारे सव्वातीन पट होतो, आणि पूर्ण उकिडवे होताना जवळजवळ आठ पट. साठ किलो वजनाच्या माणसाचा हिशेब मांडला, तर चालताना सुमारे तीस किलो, जिन्यावर सुमारे दोनशे किलो आणि उकिडवे होताना साडेचारशे किलोंच्याही वर. रस्त्याने मैलभर विनासायास चालणारी मुलगी जिन्यावर का थबकते, हे मला त्या आकड्यांनी उमगले. तोवर मी तिला "नाटकं करू नकोस" असे दोन-चारदा म्हणून चुकलो होतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. गुडघ्यात सूज, म्हणजे द्रव, साचला की मांडीचा स्नायू आपोआप मंदावतो. माणसाने कितीही मनावर घेतले तरी तो पूर्ण जोराने आवळला जात नाही. हे १९६५ साली प्रयोगाने दाखवून दिले गेले. म्हणजे दुखापतीने सूज येते, सुजेने स्नायू मंदावतो, त्यातच विश्रांतीने तो आणखी रोडावतो, रोडावलेला स्नायू वाटीला आवरू शकत नाही, आणि पुन्हा दुखापत होते. आम्ही आठ वर्षे ज्याला जपणे म्हणत होतो, त्याने हे चक्र फिरतेच ठेवले होते.

तिसरी गोष्ट कूर्चेची. हाडांच्या टोकांवरील या गुळगुळीत आवरणात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते, आणि त्यासाठी तिच्यावर आळीपाळीने दाब पडणे व तो सुटणे आवश्यक असते. ओला स्पंज दाबून सोडावा तसे. बेताचा भार आणि हालचाल हे अशा रीतीने कूर्चेचे अन्नच आहे.

तपासणीत वाटीमागील कूर्चा किंचित खरखरीत झालेली दिसली. हाडांची ठेवण मात्र फारशी बिघडलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "शस्त्रक्रियेचा मार्ग आहेच, तो कुठे पळून जात नाही. आधी सहा महिने मनापासून व्यायाम करा. मग ठरवू." वारंवार वाटी निखळत असेल, हाडाचा तुकडा सुटलेला असेल किंवा हाडांची ठेवणच दोषी असेल, तर शस्त्रक्रिया आवश्यक ठरते, हेही त्यांनी स्पष्ट केले. म्हणून आमच्या घरी जे उपयोगी पडले, ते प्रत्येकास तसेच लागू पडेल असे कोणी समजू नये.

शिकागोच्या रुग्णालयातील धडा

दुबळ्या गुडघ्यावर भार टाकायचा, ही कल्पनाच आम्हांस विपरीत वाटली होती. तिच्यामागचा इतिहास मी नंतर वाचला, तो थोडक्यात सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील लष्करी रुग्णालये जायबंदी सैनिकांनी भरून गेली होती. तेव्हाची रीत अशी की, दुखावलेल्या पायाला दीर्घ विश्रांती द्यायची आणि नंतर अगदी हलके व्यायाम अनेकदा करवून घ्यायचे. सैनिक महिनोन्‌महिने खाटेवरून हलत नसत. शिकागो येथील गार्डिनर रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचे एक तरुण लष्करी डॉक्टर होते. पौगंडावस्थेत ऱ्हुमॅटिक तापाने अंथरुणास खिळलेला हा मुलगा पुढे वजने उचलून सशक्त झाला होता. स्वतःचा तो अनुभव त्यांनी दुखऱ्या गुडघ्यांच्या सैनिकांवर लावून पाहिला: वजन पेलेल इतपत जड, आवर्तने थोडी, आणि ताकद वाढेल तसतसे वजनही वाढवत न्यायचे. स्नायू अपेक्षेपेक्षा फार लवकर भरून आले. १९४५ साली त्यांनी ही पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. दहा-दहा आवर्तनांचे तीन फेरे, हा आज व्यायामशाळांतून सर्रास ऐकू येणारा नियम पुढे त्यांच्याच कार्यातून रूढ झाला.

मोजपट्टी, वाळूची पिशवी आणि वही

आमच्या शहरातील एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे उपचार सुरू झाले. पहिल्या दिवशी त्यांनी वाटीपासून दहा सेंटिमीटर वर दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक निघाली. कापडदुकानातील मुलीला मोजपट्टीची भाषा लगेच कळली. "काका, तीन सेंटिमीटर कमी भरलं, तर गिऱ्हाईक परत येईल का?" असे तिने थोरल्या बंधूंना विचारल्याचे आठवते.

पहिले व्यायाम इतके साधे होते की मला ते थट्टेचे वाटले. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा. पाठीवर निजून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. कुशीवर निजून वरचा पाय वर न्यायचा, कारण नितंबाचे स्नायू दुबळे असले तर चालताना गुडघा आत झुकतो आणि वाटीवरचा ताण वाढतो. तीन आठवड्यांनी घोट्याला वजन बांधणे सुरू झाले. सौभाग्यवतींनी दुकानातील जाड कापडाच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवल्या, त्यांत वाळू भरली आणि किराणा दुकानाच्या काट्यावर त्या अचूक तोलून आणल्या: अर्धा किलो, एक किलो, दोन किलो. जी आई दुखणे लपवू पाहत होती, तिनेच हे ओझे शिवले, हे मी मुद्दाम नोंदवतो.

दुसऱ्या महिन्यात खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे-बसणे आले. तिसऱ्या महिन्यात चार इंच उंचीच्या पाटावरून एका पायावर भार ठेवून दुसरी टाच हळूच जमिनीला टेकवणे आले. जिना उतरण्याची ही खरी तालीम. कारण उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत शरीराला आवरून धरतो आणि ते काम चढण्यापेक्षा नाजूक असते. पुढे पाटाऐवजी जिन्याची पूर्ण पायरी आली. दुकानात गिऱ्हाईक नसताना गल्ल्याला बोट लावून एका पायावर उभे राहणे हा तिचा छंदच झाला.

दुखले तर काय करायचे, हा आमचा कायमचा प्रश्न होता. ताईंनी त्याला एक नियम बांधून दिला. वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. व्यायामाच्या वेळी दोन-तीन गुणांपर्यंत दुखले तर चालू ठेवायचे. पाचाच्या पुढे गेले तर थांबायचे. आणि सर्वांत मोठी साक्ष दुसऱ्या सकाळची: सकाळी गुडघा नेहमीसारखा असेल आणि सूज नसेल, तर कालचा भार योग्य होता, सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर पुढच्या वेळी भार कमी करायचा. या नियमाने तिच्या मनातील भीती गेली. दुखणे म्हणजे मोडणे नव्हे, हे तिला आठ वर्षांत प्रथमच कोणी सांगितले होते.

मी तिला एक खातेवही आखून दिली. दिनांक, व्यायाम, वजन, आवर्तने, रात्रीचे गुण, सकाळचे गुण. आवर्ती ठेवीचे पुस्तक जसे असते तसेच. आवर्ती ठेवीत पहिल्या वर्षी व्याज डोळ्यांत भरत नाही आणि खातेदार कंटाळून हप्ते चुकवू लागतो, हे मी शेकडो वेळा पाहिले होते. येथेही पहिले सहा आठवडे काहीच दिसत नव्हते. कुरकुर झाली, कंटाळा झाला. वहीतील चढत्या आकड्यांनीच तिला टिकवून धरले.

वेळेचीही एक अडचण आली. प्रारंभी ती रात्री दुकान बंद झाल्यावर व्यायाम करी. परंतु आमच्या घरी चौविहार असल्याने त्यानंतर काही खाणे शक्य नव्हते. दिवसभराच्या थकव्यावर उपाशीपोटी व्यायाम होईना आणि झालेला अंगी लागेना. शेवटी व्यायाम सकाळी नेला आणि त्यानंतर मूगडाळीचे धिरडे, दही किंवा पनीर असा आहार ठेवला. शाकाहारी घरात स्नायू भरून येऊ शकत नाहीत, हा समज खोटा आहे. डाळी, कडधान्ये, दूध-दही पुरेशा प्रमाणात ताटात मात्र हवेत. केवळ पोळी-भाजी आणि फरसाण यांवर मांडी भरून येत नाही.

मध्येच आलेली तूट

चौथ्या महिन्यात चुलत भावाचे लग्न आले. संगीताच्या कार्यक्रमात आठ वर्षांची कसर भरून काढावी तशी ती दोन तास नाचली. दुसऱ्या सकाळी गुडघा टम्म. घरात पुन्हा पूर्वीचे वातावरण पसरले. "सांगितलं होतं" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते आणि मुलगी वही मिटून बसली होती.

ताई शांत होत्या. त्यांनी वही उघडून शेवटचे आकडे दाखवले आणि म्हणाल्या, "एक मोठी रक्कम काढली गेली. खातं बंद झालेलं नाही." दहा दिवस भार निम्मा केला, व्यायाम मात्र एकही दिवस थांबवला नाही. पूर्वी असा गुडघा सुजल्यावर आम्ही महिनाभर अंथरूण धरायला लावीत असू. या वेळी तीन आठवड्यांत ती मूळ वजनावर परत आली. सहाव्या महिन्याच्या अखेरीस पुन्हा मोजपट्टी लावली. तीन सेंटिमीटरचा फरक एकावर आला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढलाच नाही.

घर आणि दुकान

व्यापारी घरांतील आपली दिनचर्या गुडघ्यांना फारशी मानवणारी नाही. गादीवर तासन्‌तास मांडी घालून बसायचे, नाहीतर काउंटरमागे दिवसभर उभे राहायचे. मधला प्रकारच नाही. तरुणांसाठी काही गोष्टी सहज करता येतात.

गादीवर बसणाऱ्याने दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत आणि गल्ल्याजवळ योग्य उंचीची खुर्ची अवश्य ठेवावी. उभे राहणाऱ्याने एक पाय आलटून पालटून छोट्या पाटावर ठेवावा. खालच्या खणातील ठाण काढताना उकिडवे होण्याऐवजी स्टुलावर बसावे. दुखणे वाढलेले असताना जिना चढताना सशक्त पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी. वजन अधिक असेल तर ते उतरवावे. गुडघ्याची झीज झालेल्या स्थूल व्यक्तींवरील २००५ सालच्या एका अभ्यासात, वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे आढळले होते.

सामायिक जमिनीवर बसूनच झाले पाहिजे, असा आग्रह दुखऱ्या गुडघ्याच्या तरुणापाशी धरू नये. खुर्चीवर स्थिर बसलेले मन जमिनीवर कळवळणाऱ्या मनापेक्षा अधिक एकाग्र असते. आमच्या कन्येने दोन वर्षे खुर्चीवर बसून सामायिक केले. प्रारंभी इतर भगिनी वळून पाहत, पुढे त्यांतल्याच दोघींनी खुर्च्या मागवल्या.

केव्हा थांबू नये

सगळी गुडघेदुखी सारखी नसते. घरी तर्क करण्याऐवजी तज्ज्ञांकडे जाणे केव्हा निकडीचे, ते सांगतो. गुडघा एका जागी अडकून सरळ किंवा वाकडा होईनासा झाला; दुखापतीनंतर काही तासांतच मोठी सूज आली; पायावर भार टाकता येईनासा झाला; चालता चालता गुडघा वारंवार दगा देऊ लागला; गुडघा लाल, गरम झाला आणि सोबत ताप आला; किंवा विश्रांतीतही, विशेषतः रात्री, सतत ठणका लागला, तर विलंब करू नये. वाढत्या वयाचा मुलगा लंगडत असेल आणि गुडघा दुखतो म्हणत असेल, तर त्याचा खुबाही तपासून घ्यावा, कारण खुब्याचे दुखणे कित्येकदा गुडघ्यात जाणवते.

उलट, काही गोष्टींनी घाबरू नये. उठता-बसता गुडघा कटकट वाजतो पण दुखत नाही, तर तो आवाज निरुपद्रवी असतो. दहा ते पंधरा वर्षांच्या खेळकर मुलांना वाटीच्या खाली उंचवटा येऊन दुखते. वाढ पूर्ण झाली की ते बहुधा शमते, तोपर्यंत खेळाचे प्रमाण आवरावे. कबड्डी, फुटबॉल, बॅडमिंटन खेळताना आतील अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली असेल, तर मुलाने कितीही हट्ट केला तरी साधारण नऊ महिन्यांपूर्वी आणि ताकदीची चाचणी झाल्याखेरीज मैदानावर सोडू नये. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून महिनोन्‌महिने घेणे मात्र सर्वथा टाळावे. पोट आणि मूत्रपिंडे त्याची किंमत मोजतात.

दोन मजले

२०१३ साली दुसरे स्थळ आले. या वेळी पहिल्याच भेटीत मुलीने स्वतः सर्व सांगितले: काय झाले होते, काय केले, आज काय जमते, काय जमत नाही. क्षणभर शांतता पसरली. मग मुलाचे वडील म्हणाले, "आमचं घर दोन मजली आहे, बेटा. स्वयंपाकघर वर आहे. जमेल ना?"

ती म्हणाली, "चढते. उतरताना कठडा धरते."

ते हसले आणि म्हणाले, "कठडा भक्कम आहे." तिथेच ते लग्न ठरले.

आज ती पस्तिशी ओलांडलेली, एका मुलाची आई आहे. गुडघा पूर्ण बरा झाला, असे मी लिहिणार नाही, कारण तसे झालेले नाही. पावसाळ्यात तो कुरकुरतो, फार वेळ मांडी घातली की अवघडतो. गरोदरपणात आणि नंतरच्या वर्षात व्यायामात खंड पडला, तेव्हा जुने दुखणे पुन्हा डोकावले. वाळूच्या पिशव्या माळ्यावरून खाली आल्या आणि ते मागे हटले. आठवड्यातून तीन दिवस वीस-पंचवीस मिनिटे हा तिचा आजन्म हप्ता आहे, आणि तिने तो मान्य केला आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब पालिताण्यास गेलो होतो. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या ती आपल्या पायांनी, विसावा घेत चढली. दर्शन झाल्यावर तिने स्वतःहून उतरण्यासाठी डोली ठरवली. सोबतच्या एका काकूंनी विचारले, "चढलीस की चांगली, मग आता काय झालं?" तिने उत्तर दिले, "काकू, खात्यात किती शिल्लक आहे ते मला माहीत आहे." मी मागे उभा होतो. ज्या मुलीला मी शाळेच्या सहलीला जाऊ दिले नव्हते, ती आपल्या गुडघ्याचा हिशेब माझ्यापेक्षा नेमका मांडत होती.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. तरुण मुलाचा गुडघा दुखत असेल तर त्याला हसू नका, त्याला अंथरुणावर निजवून ठेवू नका, आणि सोयरिकीच्या भीतीने ते दुखणे झाकू नका. योग्य तज्ज्ञांना दाखवा, व्यायामाची वही आखून द्या, आणि पहिले सहा आठवडे, जेव्हा काहीच दिसत नाही, तेव्हा त्याच्या शेजारी बसा. तरुणांना सांगणे असे की, गुडघ्यापुढे गुडघे टेकू नका. आजचा अर्धा किलो उद्याच्या दोन किलोंचा पाया आहे. हप्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी भरा, पण खाते बंद करू नका.

जय जिनेंद्र.